अकरावा रकाना

— नाही नाही, हात आत घालू नका, ही खिडकीची फळी सैल झालीय, बोट चेंगरेल. मागच्या आठवड्यात एका वकिलाचं चेंगरलं, तेव्हापासून तो नोटीस पाठवतो म्हणतोय, अजून आली नाही. अर्ज मीच सरकवतो बाहेर. हा घ्या. काय म्हणालात, साथीच्या वर्षातला कागद — बायकोचा — पोटात दुखत होतं — अपेंडिक्स. बरं. मिळेल की. या तळघरात काहीही मिळतं, फक्त शोधणारा शहाणा पाहिजे आणि मागणारा सावकाश. ते तुमच्या हाताखाली आहे ते रजिस्टर नाही, ते बाळंतपणाचं, ते सोडा. आधी अर्ज भरा. अकरा रकाने आहेत. दहा तुमचे, अकरावा कार्यालयाचा, म्हणजे माझा, तो रिकामा ठेवा — लोक तिथं सही ठोकून मोकळे होतात आणि मग मला नवा अर्ज द्यावा लागतो. नवव्या रकान्यात हयात की मयत यावर खूण करायची, तो सगळे विसरतात. का विसरतात कोण जाणे, सगळ्यात सोपा प्रश्न आहे. पेन हे घ्या. नाही, तुमचं नको, तुमचं खिशातच राहू द्या, ते शाईचं दिसतंय. शाईचं पेन मी या खिडकीवर चालू देत नाही. हे बॉलपेन आहे, पाणी पडलं तरी अक्षर हलत नाही, मी नळाखाली धरून बघितलंय. दोरीला बांधलंय, ओढू नका, माझं स्वतःचं आहे.

बसा ना, स्टुलावर बसा. एक पाय आखूड आहे, पण पडत नाही कुणी. घाई नाही, एक वाजेपर्यंत खिडकी उघडी असते, आत्ता कुठं साडेबारा. इथं तसं कुणी येत नाही फारसं. माझ्या आधी जो होता त्यानं सहा वेळा बदलीचा अर्ज केला — ओल येते, उंदीर आहेत, खोकला होतो. मी उलट मागून घेतली ही जागा. साहेब म्हणाले, अहो, लोक तळघरातून वर यायला धडपडतात, तुम्ही वरून खाली चाललात? म्हटलं, गुडघे दुखतात, उभं राहवत नाही. खरं होतं ते. म्हणजे गुडघे दुखतात हे खरं आहे. तीन वर्षं हॉस्पिटलच्या गेटवर उभा होतो ना मी — हो, मीच, साथीच्या वेळी. तुम्ही आला असाल तर बघितलं असेल मला. अर्थात काय बघणार म्हणा, तोंडाला मास्क, वर प्लॅस्टिकची काच, डोक्याला टोपी. माझी स्वतःची मावशी समोर येऊन मलाच विचारून गेली, की माझा भाचा इथं कामाला असतो, तो कुठं भेटेल? मी म्हटलं, पुढं चला, रांग मोडू नका.

बंदूकवाले काका म्हणायचे मला. ती कपाळाला लावायची ताप मोजायची बंदूक, ती माझ्याकडे. गेटवर आला की कपाळ पुढं. मग तो मंत्र्याचा माणूस असो नाहीतर पाव विकणारा. तोंडं झाकलेली सगळ्यांची, तेव्हा मला माणसं कपाळावरून कळायला लागली, आजही रस्त्यात कुणी भेटलं की मी आधी कपाळाकडे बघतो, बायको म्हणते लोकांना वाटेल तुम्ही वेडे आहात. तर दोन दोऱ्या होत्या — हिरवी आणि लाल. ताप नाही — हिरवी चिठ्ठी, हिरव्या दोरीनं सरळ आत. ताप आहे — लाल चिठ्ठी, डावीकडे मांडवात, तिथं नाकातनं नमुना घ्यायचे आणि मग रिपोर्टाची वाट. सहा तास, आठ तास, कधी दुसरा दिवस. हिरवी चिठ्ठी बघितली की आत डॉक्टर साधा मास्क लावून हात घालायचे. लाल असली की तो अख्खा पांढरा पोशाख, वेगळं थिएटर, आणि तेही रिपोर्ट आल्यावर. म्हणजे चिठ्ठी लाल की हिरवी एवढ्यावर सगळं. आणि चिठ्ठी कोण देणार? मी. आठवी पास माणूस. रकान्यांत लिहिताय ना नीट? तारीख चौथ्यात. हां.

त्या वर्षी अपेंडिक्सचं काय झालं सांगू? पहिले दोन महिने आलंच नाही कुणी. थिएटरमधले लोक म्हणायचे, अहो, अपेंडिक्स गेलं कुठं, साथीला घाबरून पळालं की काय? कुठं जातंय. पोटातच होतं, लोक घरी बसले होते. दवाखान्यात गेलं की रोग लागतो, धरून नेतात, घराला पत्रे ठोकतात, त्यापेक्षा गरम पाण्याची पिशवी घ्या, डाव्या कुशीवर झोपा, उद्या बघू. आणि मग चौथ्या दिवशी यायचे, पोट फळीसारखं कडक, आतमध्ये सगळं फुटलेलं. आधी कसं, सकाळी दुखलं, संध्याकाळी टेबलावर, तिसऱ्या दिवशी घरी जाऊन माणूस कुरकुर करायला मोकळा. साथीत सगळं उलटं झालं. वेळेवर आला त्यालासुद्धा मोठ्या डॉक्टरबाई म्हणायच्या, कापायचं टाळता येतंय का बघू, इंजेक्शनं देऊ, सलाईनवर ठेवू. काहींचं सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं झालं, बरे होऊन गेले. काही महिन्याभरानं परत आले. आणि काही —

एक रंगारी होता. भिंती रंगवणारा. नखांत पांढरा रंग, कपाळावरसुद्धा एक ठिपका, बंदूक त्या ठिपक्यावर धरली होती मी. शंभर पॉइंट नऊ. म्हणाला, काका, खोकला नाही, सर्दी नाही, नुसतं पोट आहे हो, इथं उजवीकडं. मी म्हटलं, सगळे हेच म्हणतात. तसं खरंच म्हणायचे सगळे, लाल दोरी टाळायला लोक काय काय सांगायचे, एकजण म्हणाला मी जन्मापासून गरम आहे. नियम म्हणजे नियम. लाल. सकाळी दहाला बसला मांडवात, दुपारपर्यंत ओरडत होता, मला गेटवर ऐकू यायचं. चार वाजता एकदम शांत झाला. मांडवातल्या सगळ्यांना बरं वाटलं. तोही हसला म्हणे, म्हणाला उतरलं आता. ते उतरलं नव्हतं हो, ते फुटलं होतं. फुटलं की जरा वेळ बरं वाटतं, हे मला नंतर डॉक्टरबाईंनी सांगितलं. एकवीस दिवस होता आत, पोटाला नळी लावून. वाचला. रिपोर्ट काय आला? निगेटिव्ह. साथ त्याला नव्हतीच. ताप अपेंडिक्सचा होता. पण बंदुकीला काय, ती आकडा दाखवते, कशाचा ते नाही सांगत.

लिहा, लिहा तुम्ही, मी आपला बोलतोय. इथं दिवसभर बोलायला कुणी नसतं, मग आलं गिऱ्हाईक की मी सुटतो. बायको म्हणते, तुमच्या खिडकीवर येण्यापेक्षा लोक कागदावाचून राहतील.

तर त्या रंगाऱ्यानंतर आठ-दहा दिवस झाले असतील. मंगळवार. रांगेत चाळीसेक माणसं. आणि आमच्या मेव्हण्यांची व्हॅन येऊन थांबली, ती सामान पोचवायची, मागं खोकी असतात. खोक्यांच्या मधे छोटी. माझी बहीण. आई गेली तेव्हा सहा वर्षांची होती, मी सतरा, वेण्या घालायला मी शिकलोय तिच्यासाठी, वाकड्या यायच्या, शाळेत सगळे हसायचे, पण ती घालून जायची. वाकून वाकून चालत आली, उजवीकडे हात दाबून, मी बघताच ओळखलं. दादा, पोट. मी कपाळाला बंदूक लावली. एकशे एक पॉइंट तीन. परत लावली. एकशे एक पॉइंट चार. डावीकडे बघितलं तर मांडवात सदतीस माणसं, मी मोजली. मागून एकजण म्हणाला, काका, आवरा. आणि मी लिहिलं — अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. हिरवी.

हे कुणाला सांगितलं नाही मी अजून. छोटीलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही अर्ज भरायला वेळ लावताय म्हणून.

तीन वर्षांत एकच खोटा आकडा, साहेब. मंत्र्याच्या मेव्हण्याला लाल मांडवात बसवला होता मी, त्यानं माझं नाव लिहून घेतलं, शप्पथ. पण आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे आपण दुसऱ्यांबद्दल म्हणतो. कुंपणच शेत खातं, तेही दुसऱ्यांबद्दल. दोन तासांत तिचं ऑपरेशन झालं. डॉक्टरबाई स्वतः बाहेर येऊन म्हणाल्या, काका, फुटायच्या बेतात होतं, नशीब बहिणीला ताप नव्हता, नाहीतर मांडवातच फुटलं असतं. मी म्हटलं, हो ना, नशीब. पाठ टेकली गेटला. मला तेव्हा — खोटं नाही सांगत — मला आनंद झाला. फार आनंद झाला. बिस्किटाचा पुडा आणला आणि एकट्यानं संपवला.

वॉर्डात ताप दिसला म्हणून तिचा नमुना घेतला, गुरुवारी रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. म्हणजे तो ताप अपेंडिक्सचा होता की साथीचा, की दोन्हींचा, देव जाणे. शुक्रवारी डॉक्टरबाईंना ताप. भूलवाल्या डॉक्टरांना ताप. दोन सिस्टर. साध्या मास्कवर केलं होतं ना सगळ्यांनी, हिरवी चिठ्ठी होती. वाचले सगळे, हो, सगळे वाचले, भूलवाले डॉक्टर अजूनही जिना चढताना मधे थांबतात आणि फोन आल्यासारखं करतात. आणि थिएटर बंद. दोन्ही. माणसंच नाहीत तर उघडून काय करणार? मला वरून कागद आला, गेटवर लावायला — निर्जंतुकीकरणासाठी बंद. केव्हा उघडणार? ते कागदावर नव्हतं. विचारलं की म्हणायचे, उद्या बघू. म्हणून मीही लोकांना तेच सांगायचो, उद्या. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. मंगळवारी उघडलं.

त्या चार दिवसांत पोटाचे नऊ जण परत पाठवले मी. दुसरं हॉस्पिटल दोन तासांवर. परत पाठवलेल्यांचं वेगळं रजिस्टर होतं, ते बघा मागे, वरच्या फळीवर, निळ्या पुठ्ठ्याचं — माझंच अक्षर आहे त्यात. नावं, फोन, सगळं. साथ ओसरल्यावर मी एकेकाला शोधलं. सुट्टीच्या दिवशी फोन करायचो, हॉस्पिटलातून बोलतोय, तब्येत कशी आहे, चौकशी. एका बाईनं मला शिव्या दिल्या, मनसोक्त दिल्या, मी ऐकल्या, म्हणजे ती धडधाकट होती. एका म्हाताऱ्याचं इंजेक्शनावरच भागलं होतं. आठ जण लागले. आठही हयात. एक राहिला. म्हणजे एक बाई. तिचं नावच नाही रजिस्टरात.

नाही, चूक माझीच. म्हणजे नियमाची, पण पाळली मी. बाहेरच्या माणसाच्या हातात आपलं पेन द्यायचं नाही असा नियम होता. स्कूटरवर आले होते नवरा-बायको. तिनं पोटाशी उशी धरली होती, निळ्या पट्ट्यांची, ओढणीनं बांधलेली, खड्ड्यात हादरा बसू नये म्हणून. मी असं कुणी केलेलं बघितलं नव्हतं. मला आवडलं ते, म्हटलं हुशार माणूस आहे. दोघांच्या कपाळाला बंदूक लावली. त्याच्या डाव्या भुवईवर टाक्याची जुनी खूण होती, बारीकशी. त्यानं विचारलं, दोन तास स्कूटरवर नेऊ हिला, की उद्या सकाळी उघडेल? आता मी काय डॉक्टर आहे? मी म्हणायला हवं होतं, न्या. त्या रंगाऱ्याचं बघितलं होतं मी, मला माहीत होतं. पण तिचं तोंड बघितलं — म्हणजे डोळे — आणि म्हटलं, कशाला त्रास देता, उद्या उघडेल बहुतेक, नंबर द्या, मी फोन करतो उघडल्याबरोबर. त्यानं माझा हात धरायला हात पुढं केला आणि मग लक्षात येऊन मागं घेतला. स्वतःच्या शाईच्या पेनानं चिठ्ठीवर नाव आणि नंबर लिहून दिला. आणि बाहेरचा कागद आला की त्यावर फवारा मारायचा. नियम. मी मारला. दोन्ही बाजूंनी. ते गेले तेव्हा बघितलं तर चिठ्ठीवर निळं पाणी. पहिले तीन आकडे राहिले होते. तीन आकड्यांवर फोन लागत नाही, साहेब. मी रस्त्यापर्यंत पळालो, स्कूटर गेली होती. मग रजिस्टरात लिहिलं — स्त्री, वय अंदाजे पस्तीस, पोटदुखी, उशी.

मंगळवारी उघडलं तेव्हा ती चिठ्ठी घेऊन उभा होतो मी गेटवर, की येतील परत. नाही आले. गेले असतील दुसरीकडे, झालं असेल तिथं, बरी असेल. आठ बरे आहेत तर नववी का नसेल? पण कधीतरी कुणाला कागद लागतोच. विम्याला लागतो, कोर्टाला लागतो. आणि कागदाला माणूस कुठं येणार? या खिडकीवर. म्हणून — गुडघे दुखतात ते आहेच — म्हणून म्हटलं इथं बसावं. दोन वर्षं झाली. कुणी आलं नाही. एका अर्थी बरंच आहे.

झाला का? द्या. सरकवा आत. पेन राहू द्या तुमच्याकडेच, काही राहिलं असेल तर भराल. बघू. नाव, पत्ता, बरोबर. तिसरा, पोटदुखी, उजवी बाजू, अपेंडिक्सचा संशय, छान, नीट लिहिलंय, बरेच लोक अपेंडिक्सचं काहीतरी भलतंच लिहितात. चौथा, तारीख —

शनिवार होता हा.

नाही, काही नाही. चष्मा जरा. पाचवा, वाहन कोणतं... स्कूटर. सहावा, रुग्णाशी नातं, पती. सातवा, प्रवेश मिळाला का... नाही. आठवा, वय, चौतीस. मी पस्तीस लिहिलं होतं. अंदाजे. नववा —

नवव्यावर खूण केलीत तुम्ही. बहुतेक लोक विसरतात. मयत. पुढं तारीखही घातलीय. सोमवार.

मंगळवारी उघडलं हो ते. मंगळवारी सकाळी आठ वाजता.

दहावा, कागद कशासाठी हवा. ‘गेटवरच्या माणसाने उघडल्यावर फोन करतो असे सांगितले. आम्ही घरी थांबलो. फोन आला नाही. थिएटर का बंद होते ते लेखी मिळावे.’ एवढंच. विमा नाही, कोर्ट नाही. एवढंच हवंय तुम्हाला.

मगापासून मान खाली आहे तुमची, कपाळ दिसलंच नाही. जरा वर बघता, साहेब? उजेडाकडे. हां. झालं. बघा खाली.

 मधेच थांबवायचं होतं मला. उशीचं म्हटलं तेव्हा तरी. मी आपला बोलत सुटलो, आणि तुम्ही त्या नवव्या रकान्यावर पेन टेकवून बसलेले. मला वाटलं, आठवत नसेल.

निळ्या रजिस्टरात कारण लिहिलेलं आहे. निर्जंतुकीकरण. त्याची नक्कल काढून शिक्का मारून दिली तर पाच मिनिटांचं काम आहे, वर कुणी विचारणारही नाही, ते खरंच आहे, निर्जंतुकीकरण झालंच होतं. पण तो अकरावा रकाना आहे ना — कारण, कार्यालयाने स्वतःच्या अक्षरात भरावे, नाव व हुद्दा लिहून सही करावी. तो मी आजवर एक शब्द लिहून भरत आलो. जागा पाच ओळींची आहे. पुरायची नाही बहुतेक, मागच्या बाजूला लिहावं लागेल.

एक वाजला. खिडकी बंद करायची वेळ झाली. नाही, जाऊ नका, तिथंच बसा स्टुलावर. फळी खाली ओढतोय मी, हात काढा, बोट सांभाळा. तुमच्या समोर बसून नाही लिहिता येणार मला.

ते पेन द्या इकडे.